नाताळ आणि इंद्रियदमन

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत संत पौलानें आत्म्याच्या फळाचीं जीं नऊ लक्षणें गणलीं आहेत, त्यांपैकीं अखेरचें लक्षण आपल्या प्रचलित मराठी बायबलांत ‘इंद्रियदमन’ ह्या शब्दानें सांगितलें आहे. शब्द भारदस्त आहे, मराठी कानाला परिचितहि आहे. परंतु त्याच्या मागोमाग डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें तें अरण्यांत पंचाग्निसाधन करणाऱ्या तपस्व्याचें असतें, नाताळच्या दिवशीं मुलालेकरांत बसून जेवणाऱ्या संसारी ख्रिस्ती माणसाचें नसतें. मूळ ग्रीक शब्द ‘एन्क्रातेइया’. त्याच्या पोटांत बळ किंवा सत्ता असा अर्थ आहे. ज्याचा लगाम ज्याच्या त्याच्या मुठींत आहे अशा माणसाच्या स्थितीला तो शब्द लावीत. संस्कृतांतील ‘दम्’ हा धातुहि बैलघोडे माणसाळविण्याच्या कामीं येई. पण पुढें वापरांत त्याला दडपून टाकण्याचा रंग चढला, आणि आज दमन म्हटलें कीं बंडाचें दमन आठवतें. माणसाळविलेला बैल गाडी ओढतो. दडपून टाकलेल्या बंडाकडून कसलेंच काम होत नाहीं.

ह्याच यादींत दुसऱ्या क्रमांकावर आनंद आहे, ही गोष्ट इंद्रियदमनावर प्रवचन करणारांच्या सहसा ध्यानांत राहत नाहीं. शिवाय पौलानें ‘फळ’ हा शब्द एकवचनीं योजिला आहे. आनंद एका झाडाचा आणि संयम दुसऱ्या झाडाचा असें त्याला म्हणावयाचें नाहीं; एकाच फळाच्या त्या फोडी आहेत. हें खरें मानलें तर ज्याचा संयम वाढतांना आनंद आटत जातो त्याच्या संयमांत कांहीं तरी बिघाड असला पाहिजे, आणि ज्याचा आनंद वाढतांना संयम सुटतो त्याच्या आनंदांतहि. डिसेंबर महिन्यांत ह्या विधानाची जशी कसोटी लागते तशी दुसऱ्या कोणत्याहि महिन्यांत लागत नाहीं. कारण नाताळ हा मुळीं देहाचा सण आहे. एरव्हीं आपण देवाला आत्मा म्हणतों. ह्या एका दिवशीं असें म्हणतों कीं देवानें देह घेतला, त्याला थंडी वाजली, भूक लागली, आणि तो आईच्या दुधावर वाढला. अशा दिवशीं देहाला तुच्छ लेखून कोपऱ्यांत बसणें म्हणजे लग्नघरीं जाऊन नवरदेवाची निंदा करण्यासारखें आहे. आणि त्याच दिवशीं खाऊनपिऊन भान हरपणें म्हणजे ज्यानें देहाला एवढा मान दिला त्याच्याच नांवानें देहाची विटंबना करणें होय. ख्रिस्ती माणसाचा डिसेंबरांतला पेंच आहे तो हा.

ह्या पेंचांतून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे सणच बंद करणें. हा मार्ग केवळ कल्पनेंतला नाहीं. इ. स. १६४७ मध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटनें नाताळ, ईस्टर वगैरे सण रद्द ठरविले. समुद्रापलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतींत १६५९ सालीं असा कायदा झाला कीं, जो कोणी काम टाकून किंवा मेजवानी करून नाताळ पाळील त्यास पांच शिलिंग दंड व्हावा. तो कायदा १६८१ मध्यें उठला, तरी त्या प्रांतांत नाताळची सार्वजनिक सुटी सुरू होण्यास १८५६ साल उजाडावें लागलें. हा इतिहास दूरचा आहे असें मराठी ख्रिस्ती वाचकानें समजूं नये. १८१३ सालीं मुंबईस आलेले व १८३१ सालीं अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ठाणें घालणारे अमेरिकन मिशनरी ज्या संस्थेनें पाठविले तिचा जन्म मॅसॅच्युसेट्समधलाच; त्यांपैकीं पुष्कळांचें बालपण नाताळ न पाळणाऱ्या घरांत गेलें असलें पाहिजे. त्यांच्या हातून ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांच्या नातवंडांपणतवंडांच्या घरीं आज नाताळांत करंज्या, शंकरपाळे, चिवडा असा दिवाळीचाच फराळ होतो आणि दारावर कागदाचा तारा लुकलुकतो. इतिहासाला विनोदाचें वावडें नाहीं!

तथापि त्या प्युरिटन मंडळींना वेडगळ ठरवून मोकळें होणें न्यायाचें नाहीं. त्या काळचा इंग्लंडांतला नाताळ म्हणजे पुष्कळ ठिकाणीं दारू, जुगार व दंगामस्ती यांचा बारा दिवसांचा गोंधळ असे. ज्या दिवसाची आज्ञा शास्त्रांत नाहीं आणि ज्या दिवशीं इतर दिवसांपेक्षां पाप अधिक घडतें, तो दिवस पाळावा तरी कां, हा त्यांचा प्रश्न सरळ होता. त्याला अजूनहि तितकेंच सरळ उत्तर मिळालेलें नाहीं. त्यांचा उपाय मात्र फसला, आणि तो कां फसला हें पाहण्यासारखें आहे.

एखादी गोष्ट अजिबात टाकणें हें ती मापानें घेण्यापेक्षां सोपें असतें. इंग्रज पंडित डॉक्टर जॉन्सन आपल्याविषयीं असें सांगे कीं, मद्य पूर्ण वर्ज्य करणें मला जमतें, थोडें घेणें जमत नाहीं. हा अनुभव पुष्कळांचा आहे, आणि ज्याचा आहे त्यानें वर्ज्यच करावें. पण आयुष्यांतल्या सर्वच गोष्टी अशा टाकतां येत नाहींत. ऑगस्टीननें आपल्या ‘कन्फेशन्स’ ग्रंथाच्या दहाव्या भागांत अन्नासंबंधीं जें लिहिलें आहे तें ह्या बाबतींत अद्यापि कोणीं मागें टाकलेलें नाहीं. कांहीं सुखें एकदांच निर्धारानें तोडून टाकतां येतात, अन्नाचें तसें नाहीं, तें रोज घ्यावें लागतें, हें त्याचें पहिलें निरीक्षण. दुसरें अधिक बारीक आहे: भूक ही व्याधि व अन्न हें तिचें औषध, परंतु व्याधीकडून आरामाकडे जातांना वाटेंत जी गोडी लागते तिच्यांतच फांस लावलेला असतो; आणि आणखी घांस मागणारें तें शरीराची गरज आहे कीं गरजेचा मुखवटा घातलेली वासना आहे, हें त्या क्षणीं ओळखूं येत नाहीं. किंबहुना तें ओळखूं न येण्यांतच मनाला सोय वाटते, असेंहि तो निर्दयपणें सांगतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत आहार सोडणाऱ्याचे विषय सुटतात पण गोडी सुटत नाहीं, असें जें म्हटलें आहे, त्याच्याशीं हें किती जुळतें!

सण हा अन्नाच्या जातीचा आहे. तो समाजाला टाकतां येत नाहीं. वर्षाकांठीं एकदां सर्वांनीं मिळून जेवावें, गावें, नवें नेसावें, भांडलेल्यांनीं एका घरांत यावें, ही भूक खरी आहे. ती दाबली तर दुसऱ्या कुठल्या तरी दारानें बाहेर पडते. म्हणून मापाचा प्रश्न आला.

मापाच्या प्रश्नावर मला सर्वांत विश्वसनीय साक्ष वाटते ती असिसीच्या फ्रान्सिसची. कारण देहाला सूट देण्याचा आरोप त्याच्यावर करणें कोणालाच शक्य नाहीं. आपल्या शरीराला तो गाढवभाऊ म्हणे आणि गाढवासारखेंच वागवी. त्याचा चरित्रकार चेलानोचा थॉमस असें सांगतो कीं, एके वर्षीं नाताळ शुक्रवारीं आला. शुक्रवार मांस वर्ज्य करण्याचा. तेव्हां आज मांस चालेल काय, असा प्रश्न बंधुमंडळींत निघाला. फ्रान्सिसनें उत्तर दिलें कीं, ज्या दिवशीं बाळ आपल्यासाठीं जन्मलें त्या दिवसाला शुक्रवार म्हणणें हेंच पाप आहे. आज भिंतींना खातां येत असतें तर त्यांनींहि मांस खाल्लें पाहिजे होतें, आणि येत नाहीं तर निदान तें त्यांना बाहेरून चोपडावें! विनोद सोडला तरी पुढें जें आहे तें महत्त्वाचें. त्याची इच्छा अशी होती कीं, ह्या दिवशीं श्रीमंतांनीं गरिबांना पोटभर जेवूं घालावें, आणि बैलांना व गाढवांना नेहमींपेक्षां अधिक दाणावैरण पडावी. १२२३ सालीं ग्रेच्चो येथें ज्यानें गव्हाणीचा देखावा उभा केला, बैल व गाढव आणून बांधले, त्याला तें सुचणें स्वाभाविक होतें. वर्षभर अर्धपोटीं राहणारा हा माणूस सणाच्या दिवशीं माप कमी करीत नाहीं, वाढवितो. मात्र त्याच्या वाढलेल्या मापांत स्वतःचें ताट कोठेंच दिसत नाहीं. भिकारी आहे, बैल आहे, गाढव आहे, भिंतसुद्धां आहे.

फ्रान्सिसला हें जमलें त्याचें एक कारण असें कीं, तो सणापर्यंत भुकेला चालत आला होता. जुन्या चर्चची व्यवस्थाच तशी होती. पांचव्या शतकांत फ्रान्समधील तूर येथील बिशप पेर्पेतुउस ह्यानें संत मार्टिनच्या दिवसापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यांतून तीन दिवस उपवास लावून दिला होता. सहाव्या शतकाच्या अखेरीस माकों येथील धर्मसभेनें तो नियम उचलला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत नाताळपूर्वीं चाळीस दिवसांचा उपवास आहे, आणि आपल्या केरळांतील सिरियन ख्रिस्ती लोकांत १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा नेम अद्यापि पाळला जातो. रोमन चर्चमध्यें तो लांब उपवास हळूहळू झिजत गेला. तरी १९१७ च्या धर्मविधिसंहितेंत नाताळच्या आदल्या दिवसाचा उपवास शिल्लक होता. १९६६ सालीं पोप सहाव्या पौलानें उपवासाचे नियम नव्यानें बांधल्यावर तोहि बंधनकारक राहिला नाहीं. आतां उरलीं आहेत तीं आगमनकालाचीं जांभळीं वस्त्रें आणि चार रविवार. वेदीवर वाट पाहण्याचे दिवस चालू असतात आणि वेशीबाहेर सण केव्हांच उरकत आलेला असतो.

गोव्यांत नाताळला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जें गोडधोडाचें ताट जातें, नेवऱ्या, दोदोल, बेबिंक वगैरेंचें, त्याला ‘कोंसुआद’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज आहे, आणि पोर्तुगीजांत त्याचा एक अर्थ उपवासाच्या दिवशीं रात्रीं घेतलेला हलका आहार असा आहे. दिवसभर रिकामें राहिलेल्या पोटाला रात्रीं जो थोडा विसावा मिळतो तो. त्यांतूनच नाताळच्या पूर्वरात्रीच्या भोजनाला तें नांव मिळालें. गोव्यांत तें ताट शेजारच्या हिंदु घरींहि जातें, ही त्या शब्दाची पुढची आणि मला तरी अधिक चांगली कमाई वाटते. पण मूळ उपवास गेला व ताट राहिलें, हें त्या एका शब्दाच्या प्रवासांत स्पष्ट वाचतां येतें.

उपवास गेल्याबद्दल मी येथें विलाप करीत बसणार नाहीं. तो नुसता नियम म्हणून पाळला जाई तेव्हां त्यांत पळवाटा व ढोंगेंहि भरपूर होतीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, त्यानें एक काम होत असे आणि तें आतां कशानेंहि होत नाहीं: तो माणसाला थांबावयास शिकवी. आज मोठ्या शहरांत नोव्हेंबर संपण्यापूर्वींच दुकानांत कापसाचें बर्फ पडतें. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून कचेरीतली एक मेजवानी, सोसायटीतली दुसरी, मुलांच्या शाळेतली तिसरी, अशी माळ लागते. आणि २५ तारखेस सकाळीं मिस्सेहून परत आलेला गृहस्थ तृप्तीच्या पलीकडे जाऊन पोहोंचलेला असतो. त्याला केकचा वास नकोसा झालेला असतो. ज्या दिवसासाठीं हें सर्व, तो दिवस उगवतो तेव्हां त्याच्यापाशीं आनंदाला जागाच उरलेली नसते. संयमाच्या अभावीं माणूस फार सुख भोगतो ही समजूत चुकीची आहे. तो सुखाला त्याच्या वेळेआधींच संपवून बसतो.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो मला फार जड वाटतो. सणाला हिशेब लावणें हीच मुळीं सणाची हत्या नव्हे काय? जी बाई वर्षभर चार घरचीं भांडीं घासते, आणि डिसेंबरांत थोडें उचल घेऊन मुलांना नवे कपडे घेते, मटण आणते, दोन किलो साखरेचें गोड करते, तिला मिताहाराचा उपदेश करावयास कोणीं जावें? वर्षाचे तीनशें चौसष्ट दिवस परिस्थितीनेंच तिला संयमांत ठेवलें आहे. एक दिवस तरी हात सैल सुटावा, उद्यांचें भय न धरतां पातेल्यांत डाव घालावा, ही तिची इच्छा मला भोगलालसा वाटत नाहीं. देव कृपण नाहीं हें ती त्या दिवशीं आपल्या मुलांना कृतीनें सांगत असते. काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस संपला तेव्हां येशूनें पाहुण्यांना मितपानाचा उपदेश केला नाहीं. पाण्याचे सहा मोठे दगडी रांजण भरावयास सांगितले. त्याच्या टीकाकारांनीं त्याला खादाड व दारुबाज म्हटलें होतें हें शुभवर्तमानांतच नमूद आहे. उपवासी योहानाला भूतबाधा झाली असें म्हणणारेहि तेच लोक.

आक्षेप खरा आहे, पण तो ज्याच्या तोंडीं शोभतो त्याच्याच तोंडीं शोभतो. ज्याच्या घरीं दर रविवारीं सणाचें जेवण होतें, ज्याच्या फ्रिजमध्यें बारा महिने गोड असतें, त्यानें त्या बाईच्या आडोशाला उभें राहून ‘सण आहे, चालायचेंच’ म्हणूं नये. तिला सण साजरा करावयास नुसता हात सैल सोडणें पुरतें, कारण तिचा हात एरव्हीं आवळलेला असतो. ह्याचा हात कायमचाच सैल आहे. त्यामुळें सणाच्या दिवशीं नेहमींपेक्षां कांहीं तरी वेगळें घडावें यासाठीं त्याला अतिरेकावांचून दुसरी वाट सांपडत नाहीं. नाताळच्या आधींचे चार आठवडे सुखवस्तु माणसानें थोडें साधें खाऊन काढणें हा म्हणून मला काटकसरीचा प्रश्न वाटत नाहीं; त्या बाईला जो सण परिस्थितीनें मिळतो तो आपल्याला हेतुपुरस्सर मिळवावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. तिच्या उचलीवर व्याज किती चढतें हा प्रश्न राहतोच. पण त्याचें उत्तर तिच्या संयमांत शोधण्यापूर्वीं तिच्या पगारांत शोधावें.

पौलानें भोजनाच्या बाबतींत सर्वांत कडक शब्द ज्यांना ऐकविले ते करिंथ येथील ख्रिस्ती लोक होते. त्यांची कथा आपल्या विषयाच्या अगदीं गाभ्याची आहे. त्या काळीं प्रभुभोजनाचा विधि आणि प्रत्यक्ष जेवण हीं एकाच बैठकींत होत असत. पौलाच्या कानीं आलें कीं, तेथें जमल्यावर जो तो आपलेंच जेवण पुढें ओढतो; एकजण भुकेला राहतो आणि दुसरा झिंगतो. अभ्यासकांचा तर्क असा आहे कीं, सुखवस्तु मंडळी लौकर येत, आणि गुलाम व मजूर काम संपवून उशिरां पोहोंचत, तोंवर पानांत कांहीं उरलेलें नसे. आतां एखाद्या नीतिवाद्याला येथें खादाडपणावर प्रवचन करण्याची उत्तम संधि होती. पौलानें तें केलें नाहीं. किती खावें, काय प्यावें, ह्याचें माप त्यानें दिलें नाहीं. ज्यांच्यापाशीं कांहीं नाहीं त्यांना तुम्ही लाजविलें, हा त्याचा आरोप होता. आणि उपाय त्यानें असा सांगितला कीं, जेवावयास जमाल तेव्हां एकमेकांसाठीं थांबा.

हा उपाय इतका साधा आहे कीं त्याकडे दुर्लक्ष होतें. माझ्या समजुतीप्रमाणें ख्रिस्ती संयमाचें तत्त्व एवढ्यांत आलें. तपस्वी स्वतःच्या शुद्धीसाठीं आवरतो, वैद्याचा रोगी स्वतःच्या प्रकृतीसाठीं आवरतो, मल्ल स्वतःच्या विजयासाठीं आवरतो. मल्लाचा दृष्टान्त तर पौलानेंच करिंथकरांना दिला आहे. पण भोजनाच्या पंक्तींत बसल्यावर त्यानें आवरण्याचें कारण बदललें. तेथें माणसानें हात आखडावा तो अजून कोणी यावयाचा आहे म्हणून. आगमनकालांतलें वाट पाहणें आणि पंक्तींतलें वाट पाहणें हीं एकाच संवयीचीं दोन रूपें आहेत. जो महिनाभर देवासाठीं थांबूं शकला नाहीं तो पांच मिनिटें माणसासाठीं थांबेल असा भरंवसा धरतां येत नाहीं.

ह्या दृष्टीनें पाहतां आपल्या मराठी आतिथ्याचा एक लाडका गुण तपासावा लागेल. तो म्हणजे आग्रह. जेवतांना आग्रह न करणारा यजमान आपल्याकडे रुक्ष समजला जातो. पाहुण्यानें दोनदां नको म्हणावें व यजमानानें तिसऱ्यांदा वाढावें हा शिष्टाचार ख्रिस्ती, हिंदु सर्वांचा सारखाच. जिलबीच्या बाबतींत त्यांत बिघडत नाहीं. पण नाताळच्या रात्रीं पेल्याच्या बाबतींत फार बिघडतें. प्रत्येक गोतावळ्यांत एखादा तरी असा असतो कीं ज्यानें मोठ्या कष्टानें बाटली सोडलेली असते. ती सोडून कोणाला सहा महिने झालेले असतात, कोणाला तीन वर्षें. तो सणाला येतो तो भीतभीतच येतो. त्याच्या पाठीवर थाप मारून, ‘अरे, आज तरी! एकच घे,’ असें म्हणणारा काका वाईट माणूस नसतो. तो प्रेमळ असतो, आणि म्हणूनच त्याला नाहीं म्हणणें कठीण जातें. मग पुढें काय होतें तें ज्यांच्या घरीं घडलें आहे त्यांना सांगावें लागत नाहीं. पगाराचें पाकीट, बायकोचा चेहरा, मुलांचें निजल्याचें सोंग, हें सर्व एका पेल्यापासून पुन्हा सुरू होतें. अशा प्रसंगीं आपण निकाल देतों कीं, बिचाऱ्याचा स्वतःवर ताबा राहिला नाहीं. ताबा कोणाचा सुटला? मला वाटतें, आधीं काकाचा. त्याच्या जिभेचा, त्याच्या हौसेचा, आपला प्याला एकट्यानें पिण्याचा संकोच वाटतो म्हणून दुसरा सोबती ओढण्याच्या त्याच्या वृत्तीचा. भावाला ठोकर लागत असेल तर मांस न खाणें व द्राक्षारस न पिणें बरें, असें रोमकरांस लिहितांना पौलाच्या मनांत अडखळणाऱ्या भावापेक्षां मजबूत पायांचा भाऊच अधिक होता. संयमाचा भार त्यानें सशक्तावर टाकला आहे. आपण तो नेमका दुबळ्याच्या डोक्यावर ठेवतों आणि तो कोसळला म्हणजे त्यालाच दोष देतों.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे, नाहीं तर संयमी माणसाला फार लौकर समाधान वाटूं लागेल. डिकन्सनें १८४३ सालीं ‘ए ख्रिसमस कॅरल’ लिहिलें, त्यांतला स्क्रूज सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या इंद्रियदमनांत खोट काढून दाखवा पाहूं! तो पीत नाहीं, उधळीत नाहीं, शेगडींत निखारा जपून घालतो, आणि नाताळच्या पूर्वरात्रीं पातळ पेज घेऊन बसतो. एखाद्या मठाला शोभेल अशी त्याची दिनचर्या आहे. वाट मात्र तो कोणाचीच पाहत नाहीं. त्याची पेज आणि फ्रान्सिसचा सुका तुकडा तराजूंत घातले तर सारख्याच वजनाचे भरतील. आमच्या मंडळींतहि असे संयमी गृहस्थ भेटतात. ते भर पंक्तींत सर्वांना ऐकूं जाईल अशा आवाजांत केक नाकारतात, यजमानिणीला साखरेचे दुष्परिणाम समजावून देतात, आणि लहान मुलांच्या ताटाकडे अशा नजरेनें पाहतात कीं मुलांनीं घांस गिळावा कीं टाकावा. त्यापेक्षां तो तुकडा मुकाट्यानें खाल्ला असता तर अधिक इंद्रियदमन घडलें असतें. जीभ हेंहि एक इंद्रिय आहे, आणि तिचीं कामें दोन आहेत.

जॉन कासियन नांवाच्या पांचव्या शतकांतल्या लेखकानें मिसरच्या अरण्यांतील साधूंच्या भेटीचें वर्णन केलें आहे. तेथें पाहुणा आला कीं ते कडकडीत उपवास करणारे म्हातारे आपला उपवास मोडून त्याच्याबरोबर जेवीत. कासियननें आश्चर्य केलें तेव्हां एका वृद्धानें सांगितलें कीं, उपवास माझ्यापाशीं रोजच आहे, तुम्ही मात्र निघून जाणार. १० डिसेंबरला कचेरींतल्या हिंदु सहकाऱ्यानें आपुलकीनें नाताळचा केक पुढें केला तर आगमनकाल पाळणाऱ्या ख्रिस्ती माणसानें काय करावें, ह्या प्रश्नाचें उत्तर मला त्या म्हाताऱ्याकडून मिळतें. त्यानें तो घ्यावा, गोड आहे म्हणावें, आणि सहकाऱ्याच्या मुलांची चौकशी करावी. घरीं येऊन आपल्या ताटांतलें गोड सोडावें. तें कोणाला कळण्याचें कारण नाहीं.

थांबण्याविषयीं इतकें लिहिल्यावर एका व्यक्तीचें नांव घेतल्यावांचून हा लेख पुरा होत नाहीं. करिंथ येथें उशिरां येणारे मजूर होते. आपल्या घरांत उशिरां जेवणारें माणूस रस्त्यानें येत नाहीं, तें स्वयंपाकघरांतच असतें. नाताळच्या आधीं आठवडाभर जी कुलकुलं वळते, रात्रीं मुलें निजल्यावर करंज्या तळते, मध्यरात्रीच्या मिस्सेहून परत येऊन पहांटे मसाला वाटावयास उठते, आणि सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर रश्शाच्या तळाशीं उरलेले दोन बटाटे घेऊन बसते, तिच्या संयमाची स्तुति आजवर पुष्कळांनीं केली आहे. स्तुतीनें तिचें ताट वाढलें जात नाहीं. येत्या नाताळला एखाद्या घरांतल्या पुरुषांनीं व मुलांनीं असें करून पाहावें: तिचें ताट आधीं मांडावें, तिच्या पाटाजवळची जागा मोकळी ठेवावी, आणि ती पदराला हात पुसून येऊन बसेपर्यंत कोणीं घांस उचलूं नये. रस्सा डोळ्यांपुढें वाफाळत असतां दहा मिनिटें असें बसणें वाटतें तितकें सोपें नाहीं. पहिल्या वर्षीं तर तीच आंतून ओरडेल, ‘अहो, बसलात काय नुसते? सुरू करा, गार होतंय.’